दीड गुंठ्यावरचं घर

मी ज्या गावात वाढले तिथे कुणाचंच स्वतःचं घर नव्हतं. पुण्यापलीकडचं जुनं जंक्शन ते. इंग्रजांनी आधी रूळ टाकले, मग रुळांसाठी माणसं आणली आणि त्या माणसांसाठी दगडी चाळी बांधल्या. दारांवर पांढऱ्या रंगात नंबर, पुढे एकसारखे ओटे. भोंगा झाला की अर्धं गाव कामावर निघायचं आणि अर्धं घरी परतायचं. साहेबांचे बंगले स्टेशनच्या वरच्या अंगाला, मग ड्रायव्हर-गार्डांच्या चाळी, आणि सगळ्यांत शेवटी, यार्डाच्या तारेला लागून, गँगमनच्या खोल्या. आम्ही तिथे राहायचो.

वडील गँगमन होते, पुढे मुकादम झाले. रूळ तपासायचे, खडी भरायची, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकायच्या, ही त्यांची कामं सगळ्यांना ठाऊक असतात. आणखी एक काम असतं, त्याबद्दल कुणी विचारत नाही. गाडीखाली कुणी आलं की पोलीस पंचनामा करतात, पण माणूस गोळा करतात ते गँगमनच. अशा दिवशी वडील आत न येता ओट्यावरच अंघोळ करायचे. आई बादली बाहेर नेऊन द्यायची आणि आम्हाला आत बसवायची. एकदा मी विचारलंच, आज कोण होतं. ते म्हणाले, "बाई होती. तुझ्या आईएवढी." मग जेवायला बसले आणि नेहमीसारखे जेवले. त्यांचं ते नेहमीसारखं जेवणं मला भयंकर वाटायचं. पुढे मी नर्स झाले, अपघात विभागात ड्युटी लागली, आणि मीही तशीच जेवायला लागले.

गावात हाणामाऱ्या कमी नव्हत्या. यार्डातलं भंगार चोरणाऱ्या टोळ्या एकमेकांना सायकलच्या चेननं फोडायच्या. आमच्या शेजारच्या, इंजिन शेडमधल्या खलाशानं बायकोच्या तोंडावर उकळता चहा फेकला होता. पण जागेवरून मात्र कुणी कुणाच्या अंगावर गेल्याचं मी पाहिलं नाही. भांडायला जागा कुणाची होती? निवृत्त झालं की किल्ली परत द्यायची आणि ट्रकमध्ये सामान घालून निघायचं, हे सगळ्यांना जन्मापासून ठाऊक असायचं.

आमचंही तसंच झालं. वडील निवृत्त व्हायच्या आधीच आई गेली. ते किल्ली देऊन, एक ट्रंक आणि आईची शिलाई मशीन घेऊन माझ्याकडे जांब्याला आले. तेव्हा मी आणि नवरा तिथे भाड्यानं राहत होतो. मी हिंजवडीजवळच्या एका खाजगी दवाखान्यात, नवरा पिरंगुटच्या एका कारखान्यात. दोघांना जाता येईल आणि भाडं परवडेल म्हणून जांबे धरलेलं. कंपन्यांच्या काचेच्या इमारतींच्या पाठीला ते गाव आहे. शेतं विकून उरलेल्या जमिनीवर गावच्या लोकांनी खोल्या बांधल्या आहेत. त्यांत बिहारचे मिस्त्री राहतात, मराठवाड्याचे सुरक्षारक्षक राहतात, आमच्यासारखे लोकही राहतात.

आमचे घरमालक दोघे भाऊ होते. थोरल्याला आम्ही दादा म्हणायचो. पन्नाशीचा, कमी बोलणारा, हाताला ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगचे घट्टे. भाड्याच्या खोल्यांचं सगळं बघायची ती त्याची बायको, वहिनी. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं होतं, "भाडं एक तारखेला पायजे. पावनं आलं तर सांगून यायचं. आन् पान्याची मोटार मी चालू करीन, तुमी हात लावायचा न्हाई." त्याच वहिनीनं, माझी रात्रपाळी असली की न सांगता माझ्या वडिलांपुढे भाकरी आणि कोरड्यास नेऊन ठेवलं. वर्षानुवर्षं. तिचं माझं जमलं होतं. तिला जे कुणाजवळ बोलता येत नसे ते ती माझ्याजवळ बोलायची.

धाकटा भाऊ तिशीतला. दंड कमावलेले, गळ्यात साखळी, चौकात चार पोरं कायम मागे. जमिनीचे व्यवहार जुळवून द्यायचा. वहिनीनं त्याला सासू गेल्यापासून पोरासारखा वाढवला होता, आणि तो तिच्याशीच काय ते नरमाईनं बोलायचा.

वस्तीच्या कडेला, त्यांच्या घराला लागूनच, त्यांचा दीड गुंठ्याचा तुकडा होता, बिगरशेती झालेला. दादाला तो विकायचा होता. त्यानं आम्हालाच विचारलं. माणसं ओळखीची, घेणार असाल तर बाहेर जात नाही, म्हणाला. वडिलांनी निवृत्तीची सगळी रक्कम जागेसाठी काढून दिली. मी नको म्हणाले तर म्हणाले, "पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या दारावरचा नंबर माझा पत्ता होता. आता गप्प बस." बांधकामासाठी आम्ही गृहकर्ज काढलं. बँकांनी दारातूनच परत पाठवलं. शेवटी एका फायनान्सवाल्यांनी दोघांच्या पगारावर मंजूर केलं. ते पैसे एकदम मिळत नाहीत. पाया झाला की त्यांचा माणूस येऊन फोटो काढतो, मग एक भाग. स्लॅब पडला की पुढचा. काम थांबलं तर पैसे थांबतात. दिलेल्यावरचं व्याज मात्र थांबत नाही.

खरेदीखताला दोन्ही भावांनी सह्या केल्या, कॅमेऱ्यासमोर अंगठे दिले. धाकट्याचा वाटा त्याच्या नावच्या चेकनं दिला. त्यातून त्यानं पांढरी गाडी घेतली आणि आम्हाला पेढेही दिले.

मग जवळच्या माणला मेट्रोच्या डेपोचं काम जोरात सुरू झालं. वडील रोज सकाळी हिंजवडीपर्यंत चालत जाऊन खांब बघून यायचे. "हवेत रूळ टाकतायत," एवढंच म्हणायचे. आमच्या बाजूचा रस्ता रुंद होणार अशी बोलवा उठली आणि जागांचे भाव बघता बघता दुप्पट झाले. धाकट्याला चौकात कुणीतरी सुनावलं की तुझ्या भावानं सोनं मातीच्या भावात दिलं, आणि वर पाहुण्याकडून आतून पैसे खाल्ले. आतून पैसे आम्ही दिले नव्हते. आमच्याकडे नव्हतेच. पण ते त्याच्या डोक्यात बसलं ते बसलं.

पायाची आखणी झाली त्या दिवशी तो पहिल्यांदा आला. बरोबर ती चार पोरं. चुन्याच्या रेघा त्यानं बुटानं पुसल्या. मिस्त्री हिंदीत काही बोलायला गेला तर एकानं त्याच्या तोंडावर वीट मारली. मी कामावर होते. संध्याकाळी मिस्त्री माझ्या खोलीच्या दारात बसलेला, वरचा ओठ फाटून दातापर्यंत उघडा. मी टाके घालायला दवाखान्यात नेलं. तो वाटेत म्हणाला, दीदी, दुसरा मिस्त्री देखो. पोलिसांत गेलो तर तिथल्या हवालदारानं लिहून घेतलं आणि विचारलं, भावाभावांचं मिटल्याशिवाय घेतलीच कशाला जागा?

दादानं त्या दिवशी धाकट्याला अंगणात घेऊन काय सांगितलं माहीत नाही. आम्हाला ऐकू आली ती फक्त ताटं फेकल्याची आदळआपट, आणि मग वहिनीचा आवाज, दोघांच्याही वरचा. काही दिवस शांत गेले. आम्ही दुसरा मिस्त्री आणला, पाया झाला, फायनान्सचा माणूस फोटो काढून गेला. वडील जागेवर पत्र्याची शेड मारून दिवसभर तिथेच बसायला लागले. सिमेंटची गोणी, विटांची थप्पी, पाण्याचं पिंप, सगळ्याची राखण. मी म्हटलं, आप्पा, काही झालं तर ओरडा, अंगावर जाऊ नका. त्यांनी मान हलवली.

एके दुपारी धाकटा एकटाच आला. वडील खुर्चीत होते. त्यानं खुर्ची लाथेनं पाडली. वडील उठून उभे राहिले, खुर्ची सरळ केली, पुन्हा बसले. मग त्यानं त्यांच्या कानाखाली मारली. इतकी जोरात, की चष्मा विटांवर जाऊन फुटला आणि उजवा कान तेव्हापासून नीट ऐकत नाही. वडिलांनी पुन्हा खुर्ची सरळ केली. हे सगळं मला पलीकडच्या खोलीतल्या एका बाईनं सांगितलं. वडील फक्त म्हणाले, चष्मा बदलायचाच होता.

नवऱ्यानं त्या संध्याकाळी कारखान्यातून एक लोखंडी नळी आणली. मी ती पलंगाखालून काढून पुन्हा त्याच्या गाडीवर नेऊन ठेवली, आणि त्याला म्हटलं, तू आत गेलास तर हप्ते कोण भरणार. बोलले शहाण्यासारखं. आतून मात्र मी तशी नव्हते. मी नर्स आहे. माणूस मरायला काय आणि किती पुरतं ते मला ठाऊक आहे. ड्युटीवर औषधांचा ट्रे लावताना मी त्या माणसाला रोज मारत होते. शांतपणे, मापानं. मला त्याची लाजही वाटत नव्हती.

भिंती उभ्या राहिल्या. स्लॅबचं सेंटरिंग लागलं, सळया बांधून झाल्या. काँक्रीट टाकायच्या दिवशी सकाळी मी सुट्टी घेतली होती. मजूर आले, मिक्सर लागला, वहिनी आणि दादा नारळ घेऊन आले. दादाला मी आदल्या दिवशी म्हटलं होतं, आला नाहीत तरी चालेल. तो म्हणाला, "जागा मी दिलीया. मी येनार."

नारळ फुटायच्या आधीच पांढरी गाडी आली. धाकट्यानं गाडी वाळूच्या ढिगात घातली आणि उतरला तोच कोयता हातात घेऊन. ऊस तोडायचा लांब कोयता. मजूर सेंटरिंगवरून उड्या मारून पळाले. माझा नवरा मिक्सरच्या पलीकडे होता. धाकटा आला तो सरळ माझ्या वडिलांवर. वडील हलले नाहीत. मला वाटतं, त्यांना नीट ऐकूच आलं नाही तो उजवीकडून येताना.

दादा मध्ये शिरला. "मला मार," म्हणाला. "तुझं मानूस मी हाय, त्यो न्हाई."

"व्हय, तूच हायेस," धाकटा म्हणाला आणि कोयता खाली आणला.

दादानं उजवा हात वर धरला होता. कोयता तळव्याच्या कडेतून गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट खडीत पडलं. आवाज फार बारीक झाला, पाटावर भाजी चिरताना होतो तसा. दादा स्वतःच्या हाताकडे बघत उभा राहिला. धाकट्यानं कोयता पुन्हा उचलला. का ते त्यालाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात मागून वहिनीनं फावडं घातलं. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. कोयता पडला. दुसरा घाव पाठीवर. तिसरा तिनं उचलला होता, आणि तो डोक्यावरच पडला असता, पण माझ्या नवऱ्यानं मागून तिच्या कमरेला मिठी घालून तिला ओढली. ती फावड्यासकट त्याच्या अंगावर पडली आणि पडल्या पडल्या दिराला म्हणत राहिली, "तुला मी भरवलं रं, तुला मी भरवलं."

मी दादाचं मनगट ओढणीनं आवळलं आणि हात डोक्याच्या वर धरून ठेवला. बोटं शोधा, स्वच्छ पिशवी आणा, कुणीतरी बर्फ आणा, असं ओरडले. वडील आधीच गुडघ्यांवर होते. खडी चाळत होते. मी लहान असताना ते काम करताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा आई आत बसवायची. आता पाहिलं. ते एकेक खडा उचलून बाजूला ठेवत होते, अजिबात घाई न करता. दोन्ही बोटं त्यांनी ओल्या रुमालात घेऊन माझ्यापुढे धरली. सरबतासाठी आणलेला बर्फ होता, त्यात पिशवी ठेवली.

गाडी होती ती एकच, धाकट्याची पांढरी. नवऱ्यानं ती वाळूतून काढली. मागच्या सीटवर एका बाजूला दादा, एका बाजूला धाकटा, मधे मी. दोघांना दोन गाड्यांतून न्यायला वेळ नव्हता, आणि दुसरी गाडी नव्हती. धाकट्याच्या खांद्याला मी टॉवेलची झोळी बांधली. गाठ मारताना माझा हात हलका नव्हता. हिंजवडीच्या सिग्नलला कंपन्यांच्या बसेस अडकलेल्या, नवरा हॉर्नवरून हात काढत नव्हता. दादाचं रक्त माझ्या कोपरावरून धाकट्याच्या मांडीवर ठिबकत होतं. तो त्याकडे बघत होता.

"दादा," तो म्हणाला. "लई दुखतंय का?"

दादा म्हणाला, "तुझ्या खांद्याचं बघ."

शिवलेल्या दोन बोटांतलं एक लागलं. करंगळी आठवड्याभरात काळी पडली आणि काढावी लागली. लागलेलं बोटही वाकत नाही. दादाला त्या हातानं मूठ वळता येत नाही.

धाकट्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. काही महिने तो येरवड्याला होता, मग जामिनावर आला. मधल्या काळात आम्ही स्लॅब टाकला, कारण फायनान्सचे फोन सुरू झाले होते आणि भाडं आणि व्याज दोन्ही भरणं संपत आलं होतं. खडीवरचं रक्त मजुरांनी पाणी मारून धुतलं आणि तीच खडी मिक्सरमध्ये घातली. मी थांबवलं नाही. नवी खडी मागवायला पैसे नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला ते चूकही वाटलं नाही.

घर झालं. खाली आम्ही, वरती एक खोली आणि मोरी, भाड्यानं द्यायला, म्हणजे हप्त्याला हातभार. बाहेरून जिना. राहायला गेलो तेव्हा वहिनीनं मला साडी नेसवली आणि उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं.

खटला उभा राहीपर्यंत घराचा रंग उडायला लागला होता. तोवर गावातल्या वडीलधाऱ्यांनी दोन्ही घरं एकत्र बसवली. धाकट्यानंही वहिनीविरुद्ध तक्रार दिली होती, फावड्याची. ठरलं ते असं, की दादानं कोर्टात सांगायचं, हात कडबा कापायच्या यंत्रात गेला. धाकट्यानं सांगायचं, खांदा पडून मोडला. म्हणजे भाऊही सुटतो आणि बायकोही. मला हे सांगायला दादा स्वतः आला. माझ्या नव्या घरात, डावा हात मांडीवर ठेवून, उजवा खिशात.

"मी काय सांगनार त्ये तुमाला म्हाईत झालं," तो म्हणाला. "तुमी काय सांगायचं त्ये तुमी ठरवा. मी सांगनार न्हाई तुमाला."

मी रात्रभर जागी होते असं काही नाही. मला झोप लागली. माझ्या बापाच्या अंगावर कोयता आला होता, आणि तो का चुकला हे मी पाहिलं होतं. शिवाजीनगरच्या कोर्टात मी उभी राहिले आणि घडलं ते सांगितलं. वडिलांनीही तेच सांगितलं, कान पुढे करून. आरोपीच्या वकिलानं मला विचारलं, आरोपीचा खांदा कसा मोडला? मी न्यायाधीशांकडे पाहिलं. मग फावड्याचंही सांगितलं. 

ज्याचा हात तुटला तोच नाही म्हणतो म्हटल्यावर पुढे काय होणार? धाकटा सुटला. वहिनीवरची तक्रारही विरली. मी वहिनीबद्दल खरं बोलून तिचं काही वाकडं झालं नाही. पण कोर्टाच्या व्हरांड्यात तिनं मला एकदाच विचारलं, "फावड्याचं कशापायी बोल्ला?" मी काही बोलायच्या आत ती चालू लागली. त्या दिवसापासून तिनं माझ्याकडे बघणं बंद केलं. वडिलांपुढे भाकरी येणं थांबलं. आमच्या दोन्ही घरांच्या मधे पत्र्याचं कुंपण आलं.

त्या दिवशी कोर्टाच्या गेटापाशी धाकटा उभा होता. माझा नवरा पुढे झाला तर त्यानं डावा हात वर करून थांबवलं. उजवा त्याचा खांद्याच्या वर जात नाही. मला म्हणाला, "ताई, समद्यांत खरं तुमीच बोल्ला. आमच्या घरातलं येक बी खरं बोल्लं न्हाई." त्याच्या तोंडावर राग होता की काय होतं, मला ओळखता आलं नाही. मी रिक्षात बसले.

त्यानंतरची गोष्ट पत्र्यापलीकडून येणाऱ्या आवाजांची आहे. दादा कधी हात उगारणारा माणूस नव्हता. हे वहिनीच मला पूर्वी अभिमानानं सांगायची. आता ट्रॅक्टर त्याच्याच्यानं चालत नव्हता. गाव त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करत होतं, आणि ज्याला त्यानं सोडवलं तो भाऊ समोरून पांढरी गाडी घेऊन जात होता. घरात मात्र एकच माणूस होतं, आणि तेच रोज त्याला जेवण कालवून देत होतं. आधी भांडी आदळण्याचे आवाज आले. मग भांड्यांचे नसलेले आवाज यायला लागले. मार बसलेल्या माणसाचं कण्हणं मी कामावर रोज ऐकते. माणसाचं अंग भिंतीवर आपटतं तेव्हा भिंत वेगळी बोलते. मी दोनदा कुंपणापाशी जाऊन हाक मारली. दोन्ही वेळा वहिनी म्हणाली, मांजर हाय.

एका रविवारी सकाळी ती पत्र्याला वळसा घालून माझ्या दारात आली. भुवई फाटलेली, रक्त डोळ्यात उतरलेलं, एक पुढचा दात हलत होता. मी तिला खुर्चीवर बसवलं, जखम धुतली, चिकटपट्ट्या लावल्या. ती मुळीच हलली नाही. ते दोनदाचं 'मांजर हाय' सोडलं तर आमच्यात दीड वर्ष एक शब्द नव्हता.

"डाव्या हातानं मारत्यात," ती म्हणाली. "डावा लई कडक झालाय."

मग माझं मनगट धरून म्हणाली, "ह्ये तुमी कोर्टात सांगू नका."

मी म्हटलं, "वहिनी, विचारलं तर सांगेन."

मला वाटलं ती उठून जाईल. ती बसून राहिली. वडील आतून आले. त्यांनी तिच्यापुढे चहा ठेवला आणि भाकरीचा तुकडा, शिळा, तव्यावर गरम केलेला. दात दुखत होता तरी तिनं तो चहात बुडवून खाल्ला. कप खाली ठेवून तिनं विचारलं, वरची खोली रिकामी आहे का.

रिकामी होती. भाडेकरू महिनाअखेरीस गेला होता, आणि दुसरा मिळेपर्यंत हप्त्याची ओढाताण चालली होती. मी म्हटलं, भाडं नको. ती म्हणाली, "भाडं एक तारखेला दीन. न्हाईतर नगं." गावातल्या निम्म्या खोल्यांचं भाडं जिनं वीस वर्षं गोळा केलं ती बाई अशी माझी भाडेकरू झाली. खोल्या तिच्याही नावावर होत्या, सासऱ्यांनी केलेल्या. त्यांतल्या दोन ओळींचं भाडं आता ती स्वतः घेते.

तिची ट्रंक आणायला आम्ही गेलो तेव्हा दादा अंगणात होता. त्यानं दारात खाट आडवी टाकली होती. माझ्या नवऱ्याशी त्याची शिवीगाळ सुरू झाली. मी पोलिसांना फोन लावत होते, आणि पांढरी गाडी येऊन थांबली. त्याला कुणी कळवलं माहीत नाही. धाकटा उतरला. हातात काही नव्हतं. तो भावाशी एक अक्षर बोलला नाही. त्यानं खाट उचलून बाजूला केली, आत गेला आणि लोखंडी ट्रंक डाव्या खांद्यावर घेऊन बाहेर आला. दादानं त्याच्या पाठीत बुक्की मारली. मग आणखी एक. धाकटा ट्रंकेच्या वजनानं वाकलेला होता. तो मार खात चालत राहिला, कुंपणाला वळसा घालून, आमच्या फाटकातून, जिना चढून वर. ज्या खांद्याचं हाड तिनं मोडलं होतं तो खाली लोंबत होता.

ट्रंक ठेवून तो खाली आला, घामेजलेला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.  त्यानं उभ्यानंच पाणी प्यायलं आणि वर छताकडे पाहिलं.

"स्लॅब किती इंची हाय?"

"पाच," वडील म्हणाले. हा प्रश्न त्यांना बरोबर ऐकू आला.

"चांगला हाय," तो म्हणाला, तांब्या ओट्यावर ठेवला आणि गेला. मी तो तांब्या घासून फडताळात टाकला, तरी त्यातून कुणाला पाणी द्यायला माझं मन होत नाही.

वहिनीनं दादाविरुद्ध तक्रार दिली. ती मी लिहिली नाही, तिनं स्वतः सांगून लिहवून घेतली, फावड्याच्या दिवसापासून पुढचं सगळं. खटला कधी उभा राहील माहीत नाही. दादा अधूनमधून संध्याकाळी येतो, जिन्याखाली उभा राहून तिला शिव्या देतो, कधी विटा मारतो. वरच्या खिडकीची काच दोनदा बदलली. वडील तेव्हा खुर्ची घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी जाऊन बसतात. दादा त्यांना हात लावत नाही. शिव्या देऊन दमला की तो त्यांच्याच शेजारी पायरीवर टेकतो, तुटका हात खिशात घालून, आणि काळोख पडायच्या आत उठून जातो. वर वहिनीनं आतून दोन कड्या बसवून घेतल्या आहेत. सुतारानं पैसे मागितले तेव्हा ती मला म्हणाली, त्ये भाड्यातनं वळतं करा, घर तुमचं हाय.